बालकाचा जबडा, टाळू आणि चेहऱ्याची उंची



कोणत्याही प्राथमिक शाळेच्या वर्गात थोडा वेळ शांतपणे निरीक्षण केले, तर एखाददुसरे मूल असे आढळते, की त्याचे तोंड सदैव किंचित उघडे असते. ओठ कोरडे पडलेले, वरचे दात पुढे डोकावणारे, डोळ्यांखाली काळपट छाया आणि नजर काहीशी पेंगुळलेली. शिक्षकांनी प्रश्न विचारला, की उत्तर उशिरा येते. सोबतची मुले त्याला बावळट म्हणतात आणि घरची मंडळी ‘त्याची ठेवणच तशी’ असे म्हणून विषय संपवितात. पुष्कळदा या मुलाच्या बुद्धीत काहीही उणे नसते. त्याचे नाक चोंदलेले असते, रात्री त्याला शांत झोप लागत नाही आणि त्याचा थकवा दिवसा वर्गात दिसतो. त्याच्या चेहऱ्याची वाढही याच काळात होत असते. ही वाढ एकदा पूर्ण झाली, की तिची दिशा बदलण्याचे सोपे उपाय उरत नाहीत.

चेहरा लांब असणे हा रोग नव्हे, व्यंगही नव्हे. उंच-ठेंगण्या माणसांप्रमाणेच लांब आणि आखूड चेहऱ्यांची माणसेही निरोगी असतात. मात्र चेहऱ्याचा खालचा भाग प्रमाणाबाहेर लांब झाला, तर ओठ सहज मिटत नाहीत, पुढचे दात एकमेकांना टेकत नाहीत, घास तोडणे अवघड जाते, काही वर्णांचा उच्चार बिघडतो. हे का घडते, हे समजण्यासाठी जबडा आणि टाळू यांची रचना प्रथम पाहिली पाहिजे.

एकाच हाडाची दोन कामे

वरचा जबडा हा एकसंध नसून दोन हाडांचा मिळून बनलेला असतो. ही दोन हाडे तोंडातील टाळूच्या मध्यरेषेवर एका शिवणीने जोडलेली असतात. टाळू हे तोंडाचे छत आहे, तसाच तो नाकाचा तळही आहे. वरच्या मजल्याची फरशी आणि खालच्या मजल्याचे छत एकच असावे, तसा हा प्रकार आहे. त्यामुळे टाळू अरुंद राहिली, तर केवळ दातांना जागा कमी पडते असे नव्हे. नाकातील श्वासमार्गही अरुंद राहण्याचा संभव असतो.

बालपणी ही शिवण मोकळी असते. तिच्या दोन्ही कडांवर नवे हाड तयार होत जाते आणि टाळूची रुंदी वाढते. त्याच वेळी टाळूच्या नाकाकडील पृष्ठभागावरचे हाड झिजते आणि तोंडाकडील पृष्ठभागावर नवे हाड साचते. अशा रीतीने संपूर्ण टाळू वर्षानुवर्षे हळूहळू खाली सरकत जाते आणि वर नाकाला जागा मिळते. तिच्या दोन्ही बाजूंस दात धरून ठेवणाऱ्या हाडाच्या भिंती असतात. टाळू अरुंद राहिली आणि या भिंती अधिक खाली उतरल्या, तर तोंडातून पाहणाऱ्यास ती उंच कमानीसारखी भासते. ‘टाळू वर चढली’ असे लोक म्हणतात. प्रत्यक्षात बव्हंशी दोन्ही बाजूंच्या भिंती जवळ राहिलेल्या आणि खाली उतरलेल्या असतात.

अडकित्त्याचा न्याय

खालच्या जबड्याची गोष्ट निराळी आहे. तो कवटीला शिवणीने जोडलेला नाही. कानासमोरील दोन सांध्यांवर तो टांगलेला आहे आणि स्नायूंच्या आधारे हलतो. त्याची वाढ मुख्यतः मागील बाजूस, सांध्याजवळील कुर्चेच्या ठिकाणी होते. तेथे वाढ झाली, की जबडा खाली आणि पुढे ढकलला जातो.

चेहऱ्याची उंची कशी ठरते, हे समजण्यास घरातील अडकित्त्यासारखे दुसरे साधन नाही. अडकित्त्याच्या बिजागरीजवळ सुपारीचे लहानसे खांड ठेवले, तरी दुसऱ्या टोकाला मुठी बऱ्याच फाकतात. जबड्यातही दाढा बिजागरीच्या जवळ असतात आणि हनुवटी दूर टोकाला असते. दाढांच्या ठिकाणी उंची एक मिलिमीटरने वाढली, तर पुढील दातांच्या जागी सुमारे दोन ते तीन मिलिमीटरचे अंतर पडू शकते. याच वेळी सांध्याजवळ पुरेशी वाढ झाली, तर मागची बाजूही खाली येते आणि हिशेब बरोबर राहतो. तेथील वाढ तोकडी पडली, की हनुवटी खाली आणि मागे वळते. चेहऱ्याचा खालचा भाग लांबतो आणि पुढचे दात एकमेकांपासून दूर राहतात. उलट सांध्याजवळची वाढ दाढांकडील वाढीपेक्षा सरस ठरली, तर हनुवटी पुढे आणि वर वळते आणि चेहरा आखूड, चौकोनी दिसतो.

अमेरिकेतील दंतवैद्य फ्रेड शुडी यांनी १९६४ व १९६५ मधील आपल्या लेखांत हा हिशेब स्पष्टपणे मांडला. त्याआधी १९३१ मध्ये अमेरिकेत ब्रॉडबेंट आणि जर्मनीत होफ्राथ यांनी डोके एका ठराविक स्थितीत स्थिर ठेवून क्ष-किरण चित्र घेण्याची पद्धत प्रसिद्ध केली होती. त्यामुळे एकाच मुलाच्या चेहऱ्याची वाढ वर्षानुवर्षे मोजणे शक्य झाले. पुढे डेन्मार्कमधील कोपनहेगन येथे आर्ने ब्योर्क यांनी सुमारे शंभर मुलांच्या जबड्यांत टँटलम धातूच्या अतिशय बारीक पिना बसविल्या. पिना हाडात स्थिर राहत असल्यामुळे हाडाचा कोणता भाग सरकला आणि कोणता केवळ झिजला वा भरला, हे चित्रांवरून कळू लागले.

त्यांतून एक अनपेक्षित गोष्ट उघड झाली. वाढत्या वयात खालचा जबडा बऱ्याच अंशी वळत असतो. परंतु त्याची खालची कडा त्याच वेळी झिजून व भरून निघत असल्याने हे वळण बाहेरून लपून राहते. सर्वसाधारण चेहऱ्याच्या मुलात वयाच्या चौथ्या वर्षापासून प्रौढ वयापर्यंत जबड्याचा गाभा सरासरी १५ अंशांनी पुढे वळतो. बाहेरून मात्र जेमतेम दोन ते चार अंशांचा फरक दिसतो. ज्यांचा चेहरा लांब होतो, त्यांच्यात हे पुढे वळणे घडत नाही किंवा जबडा उलट दिशेने वळतो. चेहऱ्याची लांबी म्हणजे केवळ एक हाड मोठे होणे नव्हे, तर मागची आणि पुढची वाढ यांचा तोल ढळणे होय, हे ब्योर्क यांच्या कामाने दाखवून दिले.

नाक, जीभ आणि गाल

हा तोल कशाने ढळतो? या प्रश्नाचा एक धागा नाकापर्यंत जातो. १८६८ मध्ये कोपनहेगनमधीलच विल्हेल्म मायर या वैद्यांनी नाकाच्या मागे, घशाच्या वरच्या भागात असणाऱ्या ॲडिनॉइड या ग्रंथीची वाढ आणि तिच्यामुळे होणारा त्रास यांचे वर्णन केले. १८७२ मध्ये इंग्लंडमधील टोम्स यांनी अशा मुलांच्या उघड्या तोंडाच्या, लांबट चेहऱ्याला ‘ॲडिनॉइड चेहरा’ असे नाव दिले.

नाक चोंदले, की मूल तोंडाने श्वास घेते. त्यासाठी तीन गोष्टी करणे भाग पडते : खालचा जबडा खाली सोडणे, जीभ टाळूपासून दूर खाली ठेवणे आणि मान थोडी मागे झुकविणे. एरवी मिटलेल्या तोंडात जीभ टाळूला टेकून असते आणि वरच्या दंतपंक्तीला आतून आधार देते. बाहेरून गालांचा दाब असतो. जीभ खाली गेली, की आतील आधार सुटतो आणि गालांचा दाब तेवढा उरतो. वरची दंतपंक्ती अरुंद होऊ लागते. दुसरीकडे जबडा सतत खाली सुटलेला राहिल्याने वरच्या आणि खालच्या दाढा एकमेकींना टेकत नाहीत. दाताचा धर्मच असा, की समोरचा दात भेटेपर्यंत तो पुढे सरकत राहतो. दाढा अधिक उगवतात आणि अडकित्त्याच्या बिजागरीजवळ सुपारी पडते.

ही नुसती कल्पना नव्हे. स्वीडनमधील स्टेन लिंडर-आरोन्सन यांनी १९७० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ॲडिनॉइडमुळे नाक बंद असलेल्या मुलांची तुलना इतर मुलांशी केली. पहिल्या गटातील मुलांची वरची दंतपंक्ती सरासरीने अधिक अरुंद आणि चेहऱ्याचा खालचा भाग अधिक लांब आढळला. शस्त्रक्रियेनंतर नाकाने श्वास घेऊ लागलेल्या मुलांपैकी अनेकांत जबड्याची वाढ पुन्हा पुढील दिशेस वळल्याचेही त्यांच्या पुढील कामात दिसले. अमेरिकेत एगिल हार्वोल्ड यांनी माकडांच्या नाकपुड्या बुचांनी बंद करून प्रयोग केले आणि त्यांचे निष्कर्ष १९८१ मध्ये एकत्रितपणे मांडले. या माकडांच्या चेहऱ्याची उंची वाढली आणि दातांची ठेवण बिघडली. मात्र सर्वांत सारखा बदल झाला नाही. काहींनी जबडा सतत खाली ठेवला, काहींनी जीभ पुढे काढली, काहींनी प्रत्येक श्वासाला तोंड उघडले. ज्याने जशी सवय लावली, तसे त्याचे हाड घडले.

अंगठा चोखण्याची सवयही याच मार्गाने परिणाम करते. अंगठा तोंडात असताना जीभ खाली राहते, गाल आत ओढले जातात आणि पुढचे दात उगवू शकत नाहीत. सुदैवाने कायमचे पुढचे दात येण्याच्या सुमारास, म्हणजे सहा वर्षांच्या आतबाहेर ही सवय सुटली, तर दातांमधील फट बहुधा आपोआप भरून येते.

सर्व दोष श्वासाचा नव्हे

येथे तारतम्य ठेवणे अगत्याचे आहे. जबड्यांच्या ठेवणीत आनुवंशाचा वाटा मोठा असतो. लांब चेहरा अनेक कुटुंबांत पिढ्यान् पिढ्या दिसतो आणि अशा कुटुंबांतील मुलांचे नाक पूर्णपणे मोकळे असू शकते. उलट तोंडाने श्वास घेणाऱ्या प्रत्येक मुलाचा चेहरा लांब होतोच असेही नाही. लांब चेहऱ्याच्या प्रौढांच्या चावण्यात जोर कमी असतो, हे मोजमापांनी सिद्ध झाले आहे. परंतु अमेरिकेतील प्रॉफिट व फील्ड्स यांनी १९८३ मध्ये मुलांची तपासणी केली, तेव्हा लांब चेहऱ्याच्या मुलांत असा फरक आढळला नाही. म्हणजे दुबळे स्नायू हे कारण असेल, तसा तो परिणामही असू शकेल.

आहाराबाबतही हेच म्हणता येईल. रॉबर्ट कोरुचिनी या अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञाने व त्यांच्या सहकाऱ्यांनी चंदीगड शहर आणि पंजाबची खेडी येथील तरुणांची तुलना केली. तिचे निष्कर्ष १९८३ मध्ये प्रसिद्ध झाले. ज्यांचा वंश एक, परंतु आहार निराळा, अशा या दोन गटांपैकी शहरी गटात दातांच्या ठेवणीतील दोष अधिक आढळले. ज्वारी-बाजरीची भाकरी, भाजलेले हरभरे, शेंगदाणे, ऊस, गाजर असे चावून खाण्याचे पदार्थ दंतपंक्तीच्या वाढीस पोषक आहेत, असे यावरून म्हणण्यास आधार मिळतो. त्यामुळे लांब चेहरा आखूड होईल, असे आश्वासन मात्र कोणी देऊ नये. जिभेच्या व्यायामाने प्रौढांच्या चेहऱ्याची हाडे बदलतात, या दाव्यासही पुरेसा आधार नाही. रात्री मुलाच्या ओठांवर चिकटपट्टी लावण्याचा जो प्रकार अलीकडे ऐकू येतो, तो तर धोक्याचा आहे. ज्याचे नाक बंद आहे, त्याचे तोंडही बंद करणे म्हणजे त्याचा श्वास कोंडणे होय.

वाढीचे वेळापत्रक

चेहरा सर्व दिशांनी एकाच वेळी वाढत नाही. रुंदीची वाढ सर्वांत आधी पूर्ण होते, त्यानंतर मागून पुढे होणारी वाढ आणि सर्वांत शेवटी उंचीची. उंची किशोरवयाच्या अखेरपर्यंत, कित्येकदा त्यानंतरही थोडीथोडी वाढत राहते. टाळूची शिवण साधारणपणे किशोरवयाच्या मध्यापासून पुढे घट्ट होत जाते. प्रत्येकात तिचे वय निराळे असते.

ॲडिनॉइड ग्रंथीचे वेळापत्रक वेगळे आहे. उपलब्ध जागेच्या मानाने ती साधारण तीन ते सात वर्षांच्या दरम्यान सर्वांत अडचणीची ठरते आणि किशोरवयात आपोआप आकसू लागते. ‘मोठा झाला की बरा होईल’ असे वडीलधारी माणसे म्हणतात, ते ग्रंथीपुरते खरे आहे. परंतु ज्या वर्षांत ग्रंथीने नाक अडविलेले असते, तीच वर्षे टाळूच्या रुंदीची असतात. ग्रंथी आकसते, गेलेली वर्षे परत येत नाहीत.

वेळेवर केलेले उपचार सोपे असतात. नाकाच्या ॲलर्जीवर औषध, आवश्यक तेथे ॲडिनॉइड वा टॉन्सिलची शस्त्रक्रिया, वाईट सवय सोडविणे आणि टाळू अरुंद असल्यास ती रुंद करणारे साधन, असा हा क्रम असतो. टाळू रुंद करण्याची युक्ती जुनी आहे. १८६० मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथील एमर्सन अँजेल या दंतवैद्यांनी एका किशोरवयीन मुलीच्या टाळूवर स्क्रू बसवून दोन्ही अर्धी हाडे एकमेकांपासून दूर केली. त्या वेळी त्यांच्या समव्यवसायिकांनी त्यावर विश्वास ठेवला नाही. पुढे शंभर वर्षांनी, १९६१ मध्ये अँड्र्यू हास यांच्या लेखाने ही पद्धत पुन्हा प्रचारात आली. आज ती जगभर वापरली जाते. स्क्रूच्या पाव फेऱ्याने टाळू सुमारे पाव मिलिमीटर फाकते. शिवण घट्ट झाल्यावर हेच काम करण्यास शस्त्रक्रिया किंवा हाडात बसविलेले स्क्रू यांचा आधार घ्यावा लागतो. वाढ संपल्यावर उंचीतील मोठा दोष दूर करावयाचा, तर वरचे जबड्याचे हाड कापून वर बसवावे लागते. कोठे एक लहान स्क्रू आणि कोठे भूल देऊन केलेली जबड्याची शस्त्रक्रिया! हा फरक केवळ काही वर्षांच्या विलंबाचा असतो.

शाळा आणि पंचायत यांचे काम

रोगनिदान करणे हे शिक्षकांचे काम नाही; परंतु मुलाला रोज पाहणारी, घराबाहेरची पहिली जाणती व्यक्ती शिक्षकच असते. सर्दी नसतानाही ज्याचे तोंड बहुतेक वेळ उघडे असते, जो वर्गात वारंवार पेंगतो, ज्याचा कान वरचेवर वाहतो वा ज्याला कमी ऐकू येते, ज्याचे पुढचे दात तोंड मिटूनही एकमेकांना टेकत नाहीत किंवा जो शाळेत येऊ लागल्यावरही अंगठा चोखतो, अशा मुलाचे नाव टिपून ठेवावे. त्याच्या पालकांना एकच प्रश्न विचारावा : मूल रात्री घोरते काय? झोपेत श्वास अडखळत असेल, तर त्यास विलंब न लावता डॉक्टरांकडे पाठविणे आवश्यक आहे. नाकाखाली स्टीलची थंड वाटी धरली आणि तोंड मिटून श्वास सोडण्यास सांगितले, तर दोन्ही नाकपुड्यांखाली वाफेचे डाग उमटतात की नाही, हे सहज दिसते. ही तपासणी ढोबळ आहे. तिने संशय येतो, निर्णय होत नाही.

निर्णयासाठी यंत्रणा उपलब्ध आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा शुभारंभ २०१३ मध्ये महाराष्ट्रातच, पालघर येथे झाला. जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या बालकांसाठी असलेल्या या कार्यक्रमात फिरत्या वैद्यकीय पथकांनी अंगणवाडीतील बालकांची वर्षातून दोनदा आणि शासकीय व अनुदानित शाळांतील विद्यार्थ्यांची एकदा तपासणी करावी, अशी योजना आहे. दात, कान आणि दुभंगलेले ओठ व टाळू यांचा त्यात समावेश आहे. पथक येते, तेव्हा शेकडो मुले थोड्या वेळात तपासावयाची असतात. अशा वेळी शिक्षकांनी आधीच टिपलेली चार नावे डॉक्टरांपुढे ठेवली, तर त्या मुलांकडे पुरेसे लक्ष दिले जाते. पुढील उपचारांसाठी उपजिल्हा व जिल्हा रुग्णालये आहेत, तसेच मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय दंत महाविद्यालयांत जबडे व दातांची ठेवण सुधारणारे विभाग आहेत.

पंचायत सदस्यांकडे दोन कामे येतात. तपासणीच्या दिवशी एकही मूल गैरहजर राहू नये, हे पाहणे हे पहिले. ज्यांना पुढे पाठविले, ती मुले खरोखर रुग्णालयात पोहोचली का, याची विचारपूस ग्रामसभेत वा आरोग्य समितीच्या बैठकीत करणे हे दुसरे. चिठ्ठी मिळते, परंतु एका दिवसाची मजुरी बुडवून आणि बसचे भाडे भरून तालुक्याला जाणे आई-वडिलांना जमत नाही, असे घडते. अशा दोन-चार मुलांना एकाच दिवशी एकत्र पाठविण्याची व्यवस्था पंचायतीने मनावर घेतल्यास होण्यासारखी आहे.

वर्गातील शेवटच्या बाकावर तोंड उघडे टाकून बसलेले ते मूल आपले दुःख सांगणार नाही. नाकाने मोकळा श्वास कसा असतो, हेच कित्येकदा त्याला ठाऊक नसते. त्याला नाव ठेवण्याऐवजी त्याचे नाव टिपून घेणारा एक शिक्षक आणि त्याला दवाखान्यापर्यंत पोहोचविणारा एक पंचायत सदस्य गावात असला, तर त्या मुलाची झोप, त्याचा अभ्यास आणि त्याच्या चेहऱ्याची वाढ या तिन्ही गोष्टी वेळेत सावरण्याची संधी त्याला मिळेल.